काल काय राहून गेलं

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार अंथरुणातूनच स्वीकारा. वाकायला डॉक्टरांची बंदी आहे, त्यामुळे तुमच्या पायांची यंदा सुटका.

आधी फोन का करत नाही ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, वहिनीला शिंगं फुटली. बोलायला लागले की धाप लागते आणि फोनच्या पडद्याकडे पाहिलं की डोक्यात घण पडतात. पेन्सिलीने मात्र आडवं पडून लिहिता येतं. चार ओळी लिहायच्या, डोळे मिटायचे, जमेल तेव्हा पुढच्या चार. हे पत्र सोमवारी सुरू केलंय, संपेल तेव्हा संपेल.

माझ्या लेकीला, भिंगरीला, तुमच्याकडे सोडलं तेव्हा वाटलं होतं, महिनाभराचा प्रश्न आहे. तुमचा भाऊ कोविडच्या साथीत गेला, मी वाचले. वाचले म्हणजे बरी झाले असं धरून मी डेपोत गेले आणि पुन्हा बस चालवायला लागले. एक दिवस सिग्नलला उभी असताना गिअर कुठला टाकायचा तेच आठवेना. मागे भरलेली बस, हॉर्नचा कल्ला, आणि मी आपली स्वतःच्या हाताकडे बघत बसलेली. त्यानंतर जी पडले ती पडलेच. एका डॉक्टरांनी सांगितलं अशक्तपणा, दुसऱ्यांनी सांगितलं नवरा गेल्याचं दुःख, तिसरे म्हणाले, सकाळी भरभर चालत जा. गेले. पंधरवडाभर उठले नाही.

आता मात्र खरं ठिकाण सापडलंय. लाँग कोविडच्या लोकांसाठीच काढलेला दवाखाना आहे. तिथे उपचार आणि संशोधन एकाच खोलीत चालतं. ज्या डॉक्टरीणबाई नाडी बघतात त्याच अभ्यासही करतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मला या आजाराचं अर्धंमुर्धं कळतं. उरलेलं तुम्ही शिकवायचं." डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाहेर येऊन रडले, आणि रडल्यामुळे दोन दिवस आडवी.

आमचा एक गट आहे. प्रत्येकाला दिवसाचा 'वाटा' ठरवून दिलाय, म्हणजे किती हालचाल करायची त्याचं माप. मनगटावर पट्टा बांधलाय, छाती जास्त धडधडली की तो गुरगुरतो. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई विचारतात, कसं वाटतंय? गटातल्या बहुतेकांना झेपत असेल तर सगळ्यांचा वाटा जरासा वाढतो. वाटा किती वेगाने वाढवावा, हेच त्यांना शोधून काढायचंय.

आता थोड्या उंटावरून शेळ्या हाकते. भिंगरीच्या दुधावर साय ठेवू नका. झोपताना दिवा चालू हवा. वेणी घालताना डाव्या कानामागे गुंता होतो, तिथे ओढू नका, आधी बोटांनी सोडवा.

'माय मरो, मावशी जगो' म्हणतात. त्यात आत्याचं नाव नाही, तेव्हा मला जगणं भाग आहे.

तुमची,
चालकबाई

१४ फेब्रुवारी

चालकबाई,

पत्र पोचलं. अक्षर बघून आधी वाटलं, भिंगरीनेच लिहिलंय. रागावू नकोस, आडवी पडून लिहिणाऱ्याला एवढं माफ.

तुझी लेक मजेत आहे. शाळेतून थेट माझ्या कारखान्यात येते. कारखाना कसला, एक लांब टेबल आणि दोन खिडक्या, तूही पाहिलायस. मी कवळ्या करते आणि ती समोर बसून मेणाचे दात पाडते. समोरचे तिचे दोन्ही दात पडलेत. परवा एक आजोबा कवळी न्यायला आले तर त्यांना म्हणाली, "तुमचे विकतचे, माझे आपोआप येणार आहेत." आजोबा इतके हसले की नवी कवळी तिथल्या तिथे तपासून झाली.

साय काढते. दिवा ठेवते. केसांचं म्हणशील तर गुंता मुळीच होत नाही.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचं मला पटलं. माझ्या धंद्यातही तेच आहे. कवळी टेबलावर कितीही सुबक दिसो, टोचते कुठे ते ज्याच्या तोंडात आहे त्यालाच विचारावं लागतं. फक्त लोक सांगत नाहीत. 'छान बसली' म्हणतात आणि घरी जाऊन पेल्यात काढून ठेवतात.

एक कामाचं विचारते. इथल्या शाळेत तिला तात्पुरतं बसवून घेतलंय. मेअखेर नवीन वर्षासाठी नाव घालावं लागेल, मग वर्षभर हलवता येणार नाही. तुझी ही तब्येत. मला वाटतं, घालून टाकावं. तिचं इथे बस्तान बसलंय. तुझं काय म्हणणं आहे?

तुझी,
वन्सं

१ मार्च

वन्सं,

नाव घालू नका.

हे तिन्ही शब्द मी एका दमात लिहिले, त्यावरून ओळखा की तब्येत सुधारते आहे. खरंच सांगते. दोनदा वाटा वाढला. पट्टा गुरगुरायचा थांबलाय. काल तीन मजले उतरून खालच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. शेजारीण बघून म्हणाली, "अगं, तू तर पळायला लागलीस."

डॉक्टरीणबाई इतक्या खूश होतात की काय सांगू. 'बरं वाटतंय' म्हटलं की त्यांचा थकलेला चेहरा उजळतो. बाईंचा जीव आहे आमच्यावर. आमच्यासाठी कुठेकुठे भांडून त्यांनी ही खोली मिळवली आहे आणि पुढच्या वर्षी ती राहते की जाते हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आत मी भिंगरीला घ्यायला येते. मी स्वतः येईन. वन्सं, ती झोपते त्या बाजूची उशी मी अजून हलवलेली नाही. रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला खालून पोरांचा गलका येतो आणि मी जिन्यावरच्या पावलांना कान लावून पडते. ती येणार नाही हे मला ठाऊक असतं. तरी कान ऐकत नाहीत.

ती माझी आठवण काढते का? खरं लिहा.

चालकबाई

१६ मार्च

चालकबाई,

बरी होते आहेस हे वाचून आनंद झाला. घ्यायला येतेस तर ये. तुझी मुलगी आहे, मी कोण अडवणार?

आठवण काढते का, असं विचारलंस. पहिले काही आठवडे रोज काढायची. आता नाही विचारत. मुलं रुळतात, ते त्यांच्या चांगल्यासाठीच असतं. मनाला लावून घेऊ नकोस.

तिच्यासाठी खिडकीपाशी छोटा पलंग करून घेतला होता. सुतार परवाच बसवून गेला. असो. कपडे ठेवायला उपयोगी पडेल.

कधी येणार ते आधी कळव. गाठोडं बांधायला वेळ लागतो.

वन्सं

९ एप्रिल

चालकबाई,

पत्र नाही. फोन लावला तर बंद. मागच्या पत्रात मी जरा फटकून लिहिलं होतं, त्याचा राग आला असेल तर दोन शिव्या लिहून पाठव, पण पाठव. रागाने गप्प बसणं तुला कधी जमलेलं नाही, म्हणून जास्त भीती वाटते.

भिंगरीला सांगितलंय की आईची पेन्सिल हरवली. तिने आपली नवी पेन्सिल पाकिटात घातली आहे. टोक मोडलं तर माझा दोष नाही.

वन्सं

२७ एप्रिल

वन्सं,

पेन्सिल मिळाली. हे तिनेच लिहिते आहे. रोज दोन ओळी, त्याहून जास्त नाही, म्हणून वरची तारीख पत्र संपल्यावर टाकलीय.

मी दवाखान्यात आहे. घाबरू नका, आता उतार आहे. अंधाऱ्या खोलीत पडून होते, आवाजही सोसत नव्हता. भरवावं लागत होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी तुमच्यापासून झाकलं आणि दवाखान्यापासूनही. पट्टा गुरगुरायचा थांबला नव्हता. मी तो काढून उशीखाली ठेवायचे आणि जिना चढायचा सराव करायचे. मला तुमच्या दारात पायांनी चालत यायचं होतं. भिंगरीने मला चाकांच्या खुर्चीतून ढकलत आणलेलं बघायला नको होतं. कठड्याला धरून एक मजला चढायचे, पायरीवर बसायचे, डोळ्यांपुढे अंधार ओसरला की पुढचा. दोन दिवसांनी त्याचा फटका बसायचा तेव्हा दवाखान्यात जायचा दिवस नसायचा. जायच्या दिवशी गालांना चिमटे काढून जायचे आणि म्हणायचे, बरं वाटतंय.

मग एक दिवस जिन्यातच कोसळले.

माझ्यापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तिथे प्रत्येकाचं उत्तर सगळ्यांच्या ताटात पडतं. माझ्या 'बरं आहे'ने गटाचा वाटा वाढला. आमच्यात एक घड्याळजी काका आहेत, घड्याळं दुरुस्त करायचे. वाढलेल्या वाट्याने तेही पडले आणि माझ्याच शेजारच्या खोलीत आले. मला ते कळलं तेव्हा वाटलं, भरलेली बस मीच खड्ड्यात घातली.

डोकं जरा थाऱ्यावर आल्यावर डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, गटातून मला काढा. त्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. मग मी परिचारिकेला सांगून खुर्ची काकांच्या खोलीत नेली आणि त्यांची माफी मागितली. म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला, "बाई, मी पण खोटंच सांगत होतो. ती डॉक्टर पोरगी इतकी राबते, तिला 'नाही बरं' कसं म्हणायचं?"

वन्सं, नंतर एकेकाला विचारलं तर निम्मा गट खोटा निघाला. कुणाला नोकरीवर परत जायचं होतं, कुणाला खोली बंद पडायची भीती, आणि बाकीच्यांना बाईंचं मन मोडवत नव्हतं. तुम्ही लिहिलं होतंत ना, 'छान बसली' म्हणतात आणि घरी जाऊन पेल्यात काढून ठेवतात. तसंच. आपल्याला कुणी प्रेमाने 'कशी आहेस' विचारलं की तोंडातून 'बरी' शिवाय दुसरं निघतच नाही.

आम्हाला वाटलं, बाई आता खोलीला टाळं लावतील. त्या दोन दिवस दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, "चूक माझी. प्रश्नच चुकीचा विचारत होते." आधीचे सगळे महिने त्यांनी बाजूला काढले आणि अभ्यास पहिल्यापासून सुरू केला. आता 'कसं वाटतंय' विचारायचंच नाही. आता रोज एकच प्रश्न: काल काय करायचं राहून गेलं?

यावर खोटं बोलता येत नाही. करून बघा. काका म्हणाले, छोट्या घड्याळाचा स्क्रू बसवायचा राहिला. एक जण म्हणाली, अंघोळ. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मुलीची वेणी घालायची राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाईंनी विचारलं, "दुसरं काही नाही?" नाही हो. बस चालवायची आठवणसुद्धा येत नाही. हातांना फक्त ते तीन पेड आठवतात. चादरीची कड धरून मी वेणी घालते आणि सोडते.

मी शाळा सुरू व्हायच्या आत येऊ शकत नाही. पुढच्या वर्षीही येईन की नाही, कोण जाणे. तिचं नाव तिथे घाला. ती मला विसरते आहे हे तुम्ही सांभाळून लिहिलंत, उपकार झाले. पलंगावर कपडे ठेवू नका.

चालकबाई

६ मे

माझ्या शहाण्या, माझ्या अतिशहाण्या बाई,

तुझं पत्र कारखान्यात वाचलं. मेण विस्तवावर तसंच राहिलं, एक अख्खी कवळी वाया गेली. जिन्यात कोसळलीस आणि मी इथे बसून तुला गाठोड्याचं लिहीत होते. माझी जीभ झडो.

आता माझं ऐक, कारण मीही तुझ्याशी सरळ वागलेली नाही.

भिंगरीला वेणी नाही. तिचे केस मी जानेवारीतच कापून आणले. कानापर्यंत आहेत. गुंता होत नाही असं मी लिहिलं ते शब्दशः खरं होतं, आणि तुला फसवायलाच लिहिलं होतं.

रोज सकाळी ती फणी घेऊन यायची आणि मी हात लावला की डोकं काढून घ्यायची. मी ओढत नव्हते गं, शपथेवर सांगते. शेवटी एक दिवस आपणच म्हणाली, "आत्या, कापून टाक. वेणी आई घालते. आई नाही तोवर नको." मी तिला न्हाव्याकडे नेलं. खुर्चीत शहाण्यासारखी बसली, रडली नाही, आणि घरी येऊन जेवली नाही. तुला कळवलं तर तू अंथरुणातून उठून धावशील, म्हणून गप्प बसले. असं मी स्वतःला सांगितलं.

खरं दुसरंच होतं. केस कापल्यावर ती तुझं नाव घेईनाशी झाली, आणि मला बरं वाटलं. माझा भाऊ गेला, त्याच्या हनुवटीवरची खळी घेऊन ही पोर माझ्या टेबलासमोर बसते. कारखान्यातून घरी जाताना कुणीतरी बोट धरलेलं असतं. एकदा झोपेत मला 'आई' म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. नुसती पडून राहिले, हलले नाही, हात बधिर झाला तरी. म्हणून तुला लिहिलं, मुलं रुळतात.

तुझं पत्र वाचून काल तिला समोर बसवलं आणि विचारलं, "आईची आठवण येत नाही का तुला?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मीच मूर्ख. म्हणाली, "विचारलं की तू नाक पुसतेस. म्हणून मी विचारत नाही."

तुमच्या गटात निम्मे खोटे निघाले म्हणतेस. आमच्या घरात तिघींपैकी तिघी.

शाळेत नाव घातलेलं नाही. तू सांग.

वन्सं

१५ मे

वन्सं,

पत्र वाचून हसले, रडले आणि दोन दिवस पडले. तिन्ही गोष्टी डॉक्टरीणबाईंनी टिपून घेतल्या.

माझ्या लेकीचे केस कानापर्यंत! कशी दिसत असेल हो? डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करते तर तुमच्या भावाचा लहानपणचा फोटो येतो. मी चादरीची वेणी घालत होते आणि तिकडे केसच नव्हते. पण ते तिने माझ्यासाठी कापले, हे मी उराशी धरून झोपते. तुमच्यावर राग नाही. झोपेतल्या 'आई'ला मीसुद्धा दुरुस्त केलं नसतं.

आता मुद्द्याचं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मी बरी कधी होईन? म्हणाल्या, माहीत नाही. मग विचारलं, बरी न होता आई होता येतं का? त्यांनी वही उघडली. म्हणाल्या, "हे कुणी मोजलेलंच नाही. मोजू या."

त्यांचं म्हणणं असं: मुलगी घरी आली, मी पडल्यापडल्या तिचे केस विंचरले, तिला वाचून दाखवायच्याऐवजी तिने मला वाचून दाखवलं, तर मला त्याची किती किंमत पडते ते बघायचं. जास्त पडली तर दुसरं काही टाकायचं, भांडी टाकायची, कपडे टाकायचे, केस नाही टाकायचे. मला या आठवड्यात घरी सोडतील, मग दवाखान्यातून रोज सकाळी एक बाई येईल, स्वयंपाक आणि माझी अंघोळ ती बघेल. शेजारणीची मुलं भिंगरीच्या इथल्या शाळेतच जातात, ती नेईल-आणील. तुमची भाची खोलीत गोंधळ घालू लागली की पट्टा गुरगुरेल आणि मी तो तिला ऐकवीन. आता मी तो काढत नाही.

वन्सं, मी धडधाकट होऊन तिला न्यायला येणार होते. ते नाही जमलं. आहे ही अशी, अंथरुणातली, चार वाक्यांत दमणारी आई तिला चालेल का ते तिलाच विचारा. आणि तुम्हाला चालेल का तेही. तुमच्याकडून मी काय मागते आहे ते मला कळतं. तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या तोंडून तुमच्याबद्दल वावगा शब्द निघणार नाही.

पण मला ती हवी आहे. तिचा आवाज हवा, धिंगाणा हवा, पडलेल्या दातांच्या जागा बघायच्या आहेत, नवे यायच्या आत.

चालकबाई

२६ मे

चालकबाई,

शनिवारी दुपारी येतो आहोत. मी दोन रात्री राहीन. कारखाना जास्त दिवस बंद ठेवता येत नाही, आणि जास्त राहिले तर मला निघवणार नाही.

तिला विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत बूट घालून उभी राहिली. गाडीला चार दिवस आहेत हे समजावून बूट काढायला लावले, तर ते उशाशी घेऊन झोपते.

मला चालेल का, असं विचारलंस. नाही चालणार. घर मला खायला उठेल. पण तिचं बस्तान बसलंय असं मी म्हणत होते ते माझंच बसलं होतं. दर महिन्याच्या शेवटी मी येत जाईन, तेवढं तुझ्या दवाखान्याच्या हिशोबात धर, मी बोलते फार.

खालचं पत्र तिचं आहे. मी मदत केली नाही. एक शब्दही बदललेला नाही.

तुझी,
वन्सं

आई,

मी येणार आहे. आत्या पण येणार आहे. मी तुला मेणाचे दात आणते ते खायचे नाहीत.

माझे केस छोटे आहेत. मुलगे हसले होते. मी पण हसले.

आत्या म्हणाली तू झोपून असतेस. मला पण झोपून खेळता येतं. आपण दोघी झोपून खेळू.

आत्याकडे आपली किल्ली आहे. ती मी माझ्या खिशात ठेवली. शनिवारी कडी घालू नकोस. आम्ही आलो की तू उठू नकोस. दार मी उघडीन. मी आता कुलपाला पोचते.